‘तुम्ही बसा, मी करते’

न्यू जर्सीहून एका वाचक भगिनीनं लिहिलं आहे. सासूबाई मे महिन्यात आल्या, सहा महिने राहायचं ठरलं होतं. “मी त्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. वेगळी खोली दिली, मराठी चॅनल लावून दिले, ऑफिसला निघण्याआधी त्यांच्यासाठी सगळं करून झाकून ठेवते. मला म्हातारपणी कुणी असं ठेवलं तर मी किती सुखात राहीन! परवा घरी आले तर त्यांनी माझं अख्खं स्वयंपाकघर हलवून ठेवलेलं. मी चिडले. त्या रात्री ह्यांना म्हणाल्या, माझं तिकीट अलीकडचं करून दे. माझं काय चुकलं?”

तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, हे पत्र वाचताना जाणवतं. दुसऱ्यानं आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्याच्याशी वागावं, हे लहानपणापासून आपण ऐकत आलो, आणि तुम्ही अक्षरशः तेच केलंत. गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की सासूबाईंनीही तेच केलं. कामावरून दमून आल्यावर घर लखलखीत आवरलेलं मिळावं, ही त्यांची स्वतःची आयुष्यभराची इच्छा असणार. ती त्यांनी तुम्हाला दिली. दोघींनी एकच नियम पाळला आणि दोघीही दुखावल्या.

हा नियम फार जुना आहे. उद्योगपर्वात विदुर धृतराष्ट्राला सांगतो की जे स्वतःला प्रतिकूल ते दुसऱ्याला करू नये, थोडक्यात धर्म तो हाच. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात तो ‘करा’ या रूपात येतो. ‘करू नका’ हे रूप त्यातल्या त्यात सोपं, कारण अपमान, फसवणूक, मारहाण कुणालाच नको असते. ‘करा’ म्हटलं की अडचण सुरू होते, कारण आवडी वेगळ्या असतात. नाटककार बर्नार्ड शॉनं 1903 साली याच कारणासाठी हा नियम उलटा करून मांडला होता: दुसऱ्यानं आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं त्याच्याशी वागू नका. मला मात्र नियम टाकून द्यावासा वाटत नाही. चूक एका जागी होते: आपण दुसऱ्याच्या जागी जातो, पण जाताना आपला दमलेपणा, आपली आवडनिवड, आपली गाडीची किल्ली सगळं बरोबर घेऊन जातो.

तेव्हा सासूबाईंच्या जागी नीट जाऊन बसा. दुपारचे दोन वाजलेत. तुम्ही दोघं ऑफिसात, मुलं बाहेर. त्यांना गाडी येत नाही, आणि बऱ्याच वस्त्यांत तर चालायला धड फुटपाथही नसतो. बहिणीला फोन करावा तर भारतात रात्रीचे साडेअकरा, सगळे झोपलेले. पोह्यांना फोडणी टाकावी तर छतावरचा स्मोक अलार्म कोकलेल ही धास्ती. मग आधीच स्वच्छ असलेला ओटा त्या पुन्हा पुसतात. ज्या बाईनं चाळीस वर्षं घर चालवलं, तिला ‘आई, तुम्ही बसा, मी करते’ हे वाक्य कसं ऐकू येत असेल? तुम्ही म्हणता ‘विश्रांती घ्या’. त्यांना ऐकू येतं ‘तुमची इथे गरज नाही’.

माझी आई माझ्याकडे आली होती तेव्हा मीही तिला असंच तळहातावरच्या फोडासारखं जपलं. निघायच्या आदल्या रात्री ती माझ्या शर्टाची निघालेली बटणं लावत बसली होती, आणि पूर्ण मुक्कामात तिचा चेहरा मी तेवढा खुललेला पाहिला नव्हता.

‘तुम्हाला काय हवंय?’ असं सरळ विचारलंत तर ‘मला काहीही चालतं’ हेच उत्तर येईल. आपल्याकडची ती पिढी स्वतःसाठी मागत नाही. त्यांचा हात कुठे जातो ते बघा. एखादं खरं काम त्यांच्यावर सोपवा, मन रमावं म्हणून दिलेलं नव्हे. मुलांचा डबा त्यांच्याकडे द्या आणि मग त्यात काय असावं यात लक्ष घालू नका. एक्झॉस्ट कसा लावायचा, अलार्म वाजला तर कुठलं बटण दाबायचं, हे शेजारी उभं राहून दोनदा करून दाखवा. सकाळी साडेआठला भारतात संध्याकाळचे सहा झालेले असतात, ती वेळ त्यांच्या फोनची ठरवून टाका.

दुसऱ्याच्या जागी जायचं म्हणजे त्याला हवं ते सगळं द्यायचं, असं नाही. सतरा वर्षांचा मुलगा म्हणतो, ‘तू माझ्या जागी असतीस तर बर्फात गाडी दिली असतीस.’ त्या वयात मला ती हवीच असती. पण तेव्हा मला अडवलं हे योग्य झालं, असं मी आज मनापासून म्हणू शकते का? म्हणू शकत असेन तर किल्ली देऊ नये.

हीच कसोटी स्वयंपाकघरातल्या तुमच्या हलवलेल्या डब्यांना लावा. तुम्ही त्यांच्या जागी असता तर तुमची चूक तुम्हाला कशी सांगितलेली चालली असती? मुलाकरवी निरोप नक्कीच नको असता. ‘आई, मसाल्याचा डबा मला गॅसजवळ लागतो, बाकीचं आपण दोघी मिळून लावू’, एवढं त्यांच्यासमोर बसून बोला. आणि ‘मी इतकं केलं, मग त्यांनी का नाही?’ हा हिशेब पत्रात दोन ठिकाणी डोकावतो, तो सोडा. तो या नियमात बसत नाही, ती देवाणघेवाण झाली.

तिकिटाला दोन आठवडे हात लावू नका. त्यानंतरही त्या जायचंच म्हणाल्या तर अढी न ठेवता बदलून द्या. आपलं घर, आपली गल्ली, आपली माणसं हवीशी वाटणं तुम्हाला परदेशात राहून चांगलंच ठाऊक आहे. विमानतळावर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा, म्हणजे भाषेची अडचण येणार नाही, आणि सोडायला तुम्ही स्वतः जा.