त्याच रात्री ऐक

कोल्हापूर
रविवार, रात्रीचे साडेदहा

पोरी,

तू गेल्यावर तासभर तुझा तो बुटाचा खोका डोळ्यांसमोरून जाईना. बबल रॅपमध्ये गुंडाळलेली आवाज रेकॉर्ड करायची दोन मिनीडिस्क यंत्रं, पाच कोऱ्या डिस्क, त्याही अजून प्लॅस्टिक न फाडलेल्या, आणि वहीच्या पानावर अकरा मॉडेलांची यादी, प्रत्येकापुढं भाव. "काका, मी पार गंडलोय," म्हणालीस. "आजोबांची हलगी रेकॉर्ड करायला सोनीच्या त्या महागड्या आरएच१ साठी पैसे साठवू, का आहे त्यावर भागवू, का सरळ फोनवर घेऊ?" मी चहा पुढं सरकवला आणि विषय बदलला. तुझ्या प्रश्नावरनं मला माझी आत्या आठवली, आणि ती गोष्ट तुझ्या आईसमोर काढायची नव्हती. म्हणून लिहितोय.

अकरा मॉडेलांचे भाव तुला तोंडपाठ आहेत. पण हातात असलेल्या सोनीच्या एन१ वर तू एक मिनिटसुद्धा रेकॉर्ड केलेलं नाहीस. तीन महिने झाले घेऊन! आजोबा सोप्यात बसलेत, हलगी खुंटीला आणि यंत्र खोक्यात.

कुठलं यंत्र घ्यायचं ते मागनं बघू. आधी एवढं ऐक: जे रेकॉर्ड करशील ते त्याच रात्री ऐकायचं. हेडफोन लावून, पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत. उद्या निवांत ऐकू म्हणालीस की संपलं.

२००२ साली मावसभावानं दुबईहून मला सोनीचा आर९०० आणून दिला. मिनीडिस्क म्हणजे काय हे लोकांना सांगण्यातच तेव्हा माझा अर्धा वेळ जायचा. जपानात ती १९९२ लाच आलेली, चौकोनी प्लॅस्टिकच्या कवचात ६४ मिलिमीटरची तबकडी. पण मी लक्ष्मीपुरीत विचारायला गेलो की दुकानदार कॅसेट पुढं करायचा. यंत्राबरोबर दहा डिस्क आल्या होत्या. त्या मी सोन्याच्या बिस्किटांसारख्या कपाटात ठेवल्या, तुझ्यासारख्याच.

आत्या भुदरगडच्या बाजूला. पहाटे जात्यावर बसली की ओव्या सुरू. दिवाळी झाल्यावर मी गेलो. ८० मिनिटांच्या डिस्कवर मोनोमध्ये, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र घेतला तर, १६० मिनिटं मावतात, म्हणून मोनो लावलं. तेवढं एक बरोबर केलं. माइक ठेवला जात्याशेजारी, जमिनीवर, घोंगड्याच्या घडीवर. आवाजाची पातळी ऑटोवर. पडद्यावर पट्ट्या नाचत होत्या, म्हणजे सगळं व्यवस्थित चाललंय असं समजून मी खुशाल चहा पीत बसलो. आत्यानं पायलीभर नाचणी दळली. भावाच्या ओव्या, माहेरच्या ओव्या, आणि मध्येच एक माझ्या नावाची घातली.

त्या रात्री मी ते ऐकलं नाही. सेल संपत आला होता असं मी घरात वर्षानुवर्षं सांगत आलोय. खोटं. बाजूला लावायच्या डबीत नवा पेन्सिल सेल होता, पिशवीत आणखी दोन होते. आत्तेभावानं कोंबडं कापलं होतं. मी तांबडा रस्सा ओरपला आणि पडवीत घोरत पडलो. सकाळच्या एसटीनं परत.

ऐकलं ते शिमग्याला. दगडावर दगडाची घरघर, दोन तास. त्यामागं, शेजारच्या घरातनं यावा तसा, आत्याचा आवाज. ऑटोचं काम ऑटोनं चोख केलं होतं. सगळ्यात मोठा आवाज जात्याचा, म्हणून त्यानं त्या आवाजाला माप धरलं आणि बाकी सगळं त्याच मापानं खाली दाबलं. शिवाय माइक जमिनीवर, म्हणजे भुईची थरथर वेगळीच. एका जागी ती पीठ सारायला थांबते आणि म्हणते, "अरं, ते फिरतंय का बघ आधी." एवढंच काय ते स्वच्छ येतं. जातं थांबलं होतं ना, ऑटोनं माप सोडलं. बघ, म्हातारीला कळत होतं.

शिमग्यापर्यंत तिला लकवा मारून गेला होता. बोलणं अर्धं राहिलं, गाणं गेलंच. त्या रात्री पंधरा मिनिटं जरी ऐकलं असतं, तर दुसऱ्या पहाटे माइक तुळईला टांगला असता आणि ती पुन्हा बसली असती. तिला काय, दळण रोजचंच.

आता हलगीचं. आजोबांनी खासबागेत कुस्त्यांना हलगी वाजवलीय हे तू ज्या सहजपणे सांगितलंस ना, मला तुझा रागच आला. ऑटोला हलगीइतकं वाईट गिऱ्हाईक दुसरं नाही. पहिली कडक थाप पडली की यंत्र घाबरून आवाज खाली घेतं, दोन थापांच्या मध्ये हळूहळू वर चढवतं, पुढच्या थापेला परत खाली. ऐकताना वाजवणाऱ्याला धाप लागल्यासारखं वाटतं. बरोबर घुमकं, कैताळ असली साथीची वाद्यं असली तर ती कुठल्या कुठं जातात. म्हणून आधी रेकॉर्ड-पॉजमध्ये जायचं, मेनूतनं पातळी मॅन्युअलवर घ्यायची, मग पॉज सोडायचा. आणि एक खोड लक्षात ठेव: स्टॉप दाबलंस की ते गुपचूप ऑटोवर परत जातं. दर वेळी नव्यानं लावावं लागतं. मी अजून विसरतो.

पातळी लावायची ती हलगी शेकून झाल्यावर. थंड हलगीवर पातळी धरशील, मग आजोबा आरावर शेकून आणतील, कातडं ताणलं जाईल आणि पहिल्याच थापेला मीटर टोकाला भिडेल. त्यांना दोन मिनिटं वाजवायला सांग, मीटर भरात असताना वर थोडी जागा राहील असं बघ. माइक दहा-बारा फुटांवर, छातीच्या उंचीला. जमिनीवर ठेवलास तर माझ्या घरी येऊ नकोस. एलपी४ ला, म्हणजे आवाज दाबून जास्त वेळ बसवणाऱ्या मोडला, हात लावू नकोस. एका डिस्कवर ३२० मिनिटं बसतात खरी, पण सेकंदाला ६६ किलोबिटांत हलगी पाण्यात बुडवून वाजवल्यासारखी लागते. एसपी या साध्या मोडचे २९२ आहेत, तो वापर. ८० मिनिटं भरपूर झाली, म्हाताऱ्या माणसाचे हात आहेत.

स्टॉप दाबल्यावर पडद्यावर "टीओसी एडिट" लुकलुकेल. डिस्कची अनुक्रमणिका तेव्हा लिहिली जाते. ते थांबेपर्यंत यंत्र हलवायचं नाही, सेल काढायचा नाही. नाहीतर वाजवणं डिस्कवर असतं आणि यंत्राला त्याचा पत्ताच नसतो.

आणि त्याच रात्री ऐकायचं. हे परत लिहितोय, कारण तू मान डोलावतेस आणि करत नाहीस. मी तुझ्या वयात हेच करत होतो.

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीनं कोऱ्या डिस्क काढणं बंद केलं, हे तू मला रेशन बंद झाल्यासारखं सांगितलंस. झालं बंद. म्हणून काय पाच डिस्कना हळदकुंकू वाहणार आहेस? या डिस्कवर लेसर एकेक ठिपका १८० अंशांच्या आसपास तापवतो, पलीकडनं चुंबकाचं हेड त्याची दिशा फिरवतं, ठिपका थंड झाला की दिशा पक्की. पुन्हा तापवलं की पुन्हा फिरते. दहा लाख वेळा लिहिता-पुसता येतं असा सोनीचा दावा होता. तू दहा वेळा तरी पुसशील का? रात्री ऐकताना जे फसलंय ते पूस, जिथं आजोबा खोकतात तिथं ट्रॅक तोड, चांगल्या तुकड्याला नाव दे. हे सगळं यंत्रातच होतं, संगणक लागत नाही. नाव टाकायला इंग्रजी अक्षरं आहेत, एकेक अक्षर शोधताना जीव जाईल. तरी टाक. माझ्याकडं बिननावाच्या एकवीस डिस्क आहेत, त्यातल्या एकीत पट्टणकोडोलीच्या यात्रेतली भाकणूक, म्हणजे भविष्यवाणी, आहे, आणि ती कुठल्या वर्षाची हे आता मलाही सांगता येत नाही.

माझं कपाट उघडल्यावर तुझे डोळे चमकले ते मी बघितलं. चौदा यंत्रं. त्यातली रेकॉर्ड करणारी सहा. बाकीच्यांत कुणाच्या हेडची रिबन तुटलेली, कुणाचा पडदा गेलेला, एकाच्या सेलच्या डबीचं झाकण उद्यमनगरात लेथवर करून घेतलंय, ते यंत्रापेक्षा जड झालंय. तुला सांगतो ते तुझ्या काकूलाही सांगितलेलं नाही. आत्या गेल्यावर सहा वर्षांत मी नऊ यंत्रं घेतली. प्रत्येक घेताना वाटायचं, यावर नीट येईल. काय नीट येणार होतं? गाणारी कुठं होती?

विकणार मात्र एकही नाही. काकू भंगार म्हणते, म्हणू दे. माणसं तीन-तीन जुन्या मोटरसायकली अंगणात उभ्या करून ठेवतात त्यांना कुणी काही बोलत नाही. माझी चौदा मिळून एका पिशवीत मावतात.

आरएच१ बद्दल. २००६ चं यंत्र, चांगलंच आहे, वाद नाही. जुन्या डिस्कवरचं रेकॉर्डिंग यूएसबीनं भराभर संगणकात चढवतं. त्याचा पडदा वापरून वापरून अंधुक होतो, आणि आज त्याचा जो भाव सांगतात त्यात तुझी सेमिस्टरची फी निघेल. तुझ्या एन१ सारख्या, यूएसबीनं संगणकाला जोडता येणाऱ्या काही नेटएमडी यंत्रांतनं आता ब्राउझरमधूनही डिस्क उतरवता येते, भाच्यानं मला करून दाखवलं. मी मात्र अजून हेडफोनच्या भोकातनं वायर काढूनच संगणकात घेतो. ८० मिनिटांची डिस्क, ८० मिनिटं लागतात. भाचा हसतो. पण तेवढा वेळ मी समोर बसून ऐकतो. त्याच्या फोनमध्ये दोनशे रेकॉर्डिंगं आहेत, त्यातली ऐकलेली किती असं विचारलं तर तोंड फिरवतो. हट्टी म्हणायचं तर म्हण. मला ते भराभर नकोच आहे. भराभर केलं असतं तर मी आत्याची डिस्कसुद्धा न ऐकताच कुठल्यातरी फोल्डरमध्ये टाकली असती.

फोनवर कर म्हणशील तरी माझी ना नाही. अट तीच, त्याच रात्री. मी मिनीडिस्क धरून बसलोय त्याला कारण साधं आहे: हलगी रंगात आली असताना मिनीडिस्कवर कुणाचा कॉल येत नाही, आणि ८० मिनिटं झाली की डिस्क संपते, म्हणजे ऐकायलाही अंगावर येत नाही.

तेव्हा मॉडेलांची यादी फाडून टाक. नाही फाडवत तर माझ्याकडं ठेवायला दे, मला त्यातले दोन भाव बघायचे आहेत. गुरुवारी तुला सुट्टी आहे म्हणालीस. आजोबांना आज सांगून ठेव, म्हणजे ते हलगीचं कातडं बघून ठेवतील. माझा छोटा स्टिरिओ माइक बुधवारी संध्याकाळी घेऊन जा. लाल भोकात घालायचा, शेजारच्या लाइन-इनमध्ये नाही. गुरुवारी रात्री अकरा वाजता मी तुला फोन करीन आणि कितव्या मिनिटाला काय आहे ते विचारीन.

तुझा,
काका

ता. क. तुझ्या एन१ मधली पट्टीसारखी बॅटरी मी तू चहा पिताना काढून घेतली. तिच्या टोकाला पांढरं फुटायला लागलं होतं. आतले संपर्क स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलेत. बॅटरी कागदात गुंडाळून खोक्याच्या कोपऱ्यात ठेवली आहे, ती परत घालू नकोस. गुरुवारी बाजूची डबी लाव, नवा सेल घाल, आणि डबीच्या आट्या हातानंच फिरव, पकड लावू नकोस.