ढालीवरचं चित्र म्हणजे राजमुद्रा नव्हे, ब्रीद!

एका ताईंनी विचारलंय की त्यांची लेक शिकायला इंग्लंडात आहे आणि तिथे ती हेराल्ड्री (ढालीवरच्या चिन्हांचं शास्त्र) सोसायटीच्या व्याख्यानांना जायला लागलीय, तर ‘कोट ऑफ आर्म्स’ला, म्हणजे ढालीवरच्या त्या ओळखचिन्हाला, मराठीत राजमुद्रा म्हणायचं ना, आणि अशा सोसायटीला काय म्हणायचं?

राजमुद्रा? अजिबात नाही. टीव्हीवर लंडनमधल्या कुठल्या फाटकावरचा सिंह आणि युनिकॉर्न दिसला रे दिसला की निवेदक ‘ब्रिटिश राजमुद्रा’ म्हणून मोकळे होतात आणि दर वेळी माझं डोकं उठतं. मुद्रा म्हणजे ठसा. तो कागदावर उमटतो आणि कागद खरा ठरवतो. शिवाजी महाराजांची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ ही अष्टकोनी मुद्रा पत्राच्या माथ्यावर, आणि मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’ हा मोर्तबाचा शिक्का, म्हणजे याच्या खाली नंतर कोणी चार ओळी घुसडू नयेत. यात ढाल कुठे आहे, रंग कुठे आहेत?

कोट ऑफ आर्म्समधला कोट मात्र खरोखरचाच कोट. चिलखतावरून घालायचा कापडी अंगरखा, त्यावर जी चिन्हं तीच ढालीवर आणि तीच निशाणावर. बाराव्या शतकात युरोपात ही पद्धत रुजली. आणि क्रेस्ट म्हणजे त्यातला फक्त शिरस्त्राणावरचा तुरा, सगळ्या चित्राला क्रेस्ट म्हणणारे लोक अख्ख्या फेट्यालाच तुरा म्हणतायत. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जा आणि मान खाली घालून चाला, जमिनीत पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांचे दगड बसवलेत, त्यावर ढाल, ढालीवर शिरस्त्राण, शिरस्त्राणावर तुरा असं एकावर एक कोरलंय, पावलांनी झिजलंय तरी बोट फिरवलं की कळतं कुठे काय संपतं ते. मी गेलो तेव्हा गाईड सगळ्यांना सांगत होता, हे त्यांचे शिक्के. शिक्के!

आता मुद्द्यावर येतो. मराठीत याला शब्द आहे आणि तो आपण रोज अर्धाच वापरतो. शाळेच्या बोधचिन्हाखाली जी ओळ असते तिला आपण काय म्हणतो? ब्रीदवाक्य. मुंबई महापालिकेचं ‘यतो धर्मस्ततो जयः’, बडोद्याच्या गायकवाडांचं ‘जिन घर जिन तख्त’, म्हणजे घोड्याचं खोगीर हेच घर आणि तेच सिंहासन. मग ब्रीदाचं जे वाक्य ते ब्रीदवाक्य, तर वाक्य सोडून उरलेलं ब्रीद कुठे गेलं? ते चित्रच की!

यावर एका जाणकार गृहस्थांनी मला मागे ठणकावून सांगितलं होतं की ब्रीद म्हणजे बाणा, प्रतिज्ञा, ती अमूर्त गोष्ट आहे, तिचं चित्र होत नाही. त्यांना माझं एकच म्हणणं आहे, मनाचे श्लोक लहानपणी पाठ केलेत ना? ‘पदी राघवाचे सदा ब्रीद गाजे’. पदी! पायात! आणि गाजे! प्रतिज्ञा पायात कशी वाजेल हो? ब्रीद ही वस्तू होती, वीराने पायात बांधायची, तोडरासारखी, म्हणजे पायातल्या तोड्यासारखी, चालताना वाजणारी, की बघा मी कोण आहे, हिंमत असेल त्याने समोर यावं. म्हणून तर पुढच्याच ओळीत भक्ताच्या शत्रूच्या डोक्यावर ‘कांबि वाजे’, म्हणजे धनुष्याचा टणत्कार. आधी पायातलं ब्रीद वाजतं, मग धनुष्य. ‘ब्रीदाचा तोडर’ हे तर जुन्या कवितेत ठरलेलं वर्णन आहे. खाली तेलुगु-कन्नड मुलखात गंडपेंडेर म्हणून मानाचा तोडा असतो तोही पायातच, कृष्णदेवरायाने अल्लसानी पेद्दना या कवीच्या पायात तो स्वतःच्या हाताने घातला अशी गोष्ट तिकडे सांगतात. इकडे पायात आणि तिकडे ढालीवर, पण काम तेच, दुरून ओळख पटावी आणि जरा धाकही बसावा.

ब्रीद आलं संस्कृतातल्या बिरुदावरून, आणि त्याच बिरुदाची बिरुदावली भाट गात असत. हेराल्ड म्हणजे तरी दुसरं कोण? सामन्याच्या मैदानात कोण उतरलाय ते ढालीवरून ओळखून पुकारणारा. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे या शास्त्रात खरं मोल चित्राला नाही, शब्दांतल्या वर्णनाला आहे. त्या वर्णनाला ब्लेझन म्हणतात. ते जुळलं की एका चित्रकाराने सिंह रोडका काढला आणि दुसऱ्याने धष्टपुष्ट काढला तरी दोन्ही बरोबर. म्हणजे ती रंगांत काढता येणारी बिरुदावलीच झाली!

कुलचिन्ह म्हणा असं काही जण सुचवतात, तेही मला पटत नाही. इंग्लंडात नुसत्या आडनावाला असं चिन्ह नसतं, ते माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. अशी चिन्हं बहाल करणाऱ्या लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सला १४८४ साली तिसऱ्या रिचर्डने सनद दिली, ते आजही हेच सांगतं, आणि तरी आडनावावरून चिन्ह छापून देणारी दुकानं जोरात चालतात. आपल्याकडे अख्ख्या कुळाचं असतं ते देवक, ती गोष्टच वेगळी. लांछन हा शब्द खरं तर नेमका होता, चालुक्यांचं वराहलांछन, गोव्याच्या कदंबांचं सिंहलांछन, जैन तीर्थंकरांची लांछनं तर अजूनही त्याच नावाने ओळखतात, पण बोलण्यात त्याचा कलंक झाला, आता कुठल्या राजाचं लांछन म्हटलं तर लोक अंगावर येतील. गेला तो शब्द.

आपले संस्थानिक या भानगडीत पडले ते १८७७ च्या दिल्ली दरबारात. रॉबर्ट टेलर नावाच्या बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या अधिकाऱ्याने राजेरजवाड्यांसाठी युरोपी धाटणीची निशाणं तयार केली. शिंद्यांचे नाग आमच्या मातीतले, ढालीचा साचा विलायती.

हां, सोसायटी राहिलीच. जॉन ब्रुक-लिटल या विशीतल्या तरुणाने १९४७ मध्ये ती काढली, १९५० पासून हेराल्ड्री सोसायटी हे नाव, व्याख्यानं, परीक्षा, जुन्या चर्चमधल्या ढाली बघायला जाणं आणि ‘द कोट ऑफ आर्म्स’ नावाचं जर्नल असा कारभार. मी तिला ब्रीदविद्या मंडळ म्हणेन. लेकीला म्हणावं तिथे जमशेटजी जेजीभॉयांचं ब्रीद शोध, १८५७ साली बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा ‘सर’ किताब मिळालेला, पहिला भारतीय माणूस. तुऱ्यात मोर, ढालीवर दोन मधमाश्या आणि मुंबईजवळच्या डोंगरांवर उगवणारा सूर्य, आणि त्या डोंगरांना इंग्रजी ब्लेझनमध्ये दुसरा शब्द सापडलेला नाही, तिथे आपला ‘घाट’च लिहिलाय.