मोरेमीचा पूर आणि पक्षी

प्रश्न : बोट्स्वानातील मोरेमी अभयारण्यात दरवर्षी ओकावांगो नदीचा पूर शिरतो, असे वाचले. मग तेथील पक्ष्यांची घरटी बुडत नाहीत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : काही बुडतात, परंतु या पुराविना तेथील पक्षिजीवनच उभे राहिले नसते. अंगोलाच्या डोंगराळ भागात पडलेला पाऊस सपाट प्रदेशातून संथपणे सरकत त्रिभुज प्रदेशात पोहोचेपर्यंत कित्येक महिने जातात आणि त्यामुळे ऐन कोरड्या ऋतूत, जून ते ऑगस्टच्या सुमारास, तेथे पाणी पसरलेले असते. पाणी ओसरू लागले की उथळ डबक्यांत मासे व बेडूक अडकतात. करड्या रंगाचा दुर्मीळ ‘स्लेटी’ बगळा आणि करकोचे त्यावरच जगतात. ‘वॅटल्ड’ क्रौंचही उथळ पाण्यात घरटे करतो, त्यामुळे पाणी फार लवकर आटले तर त्याची पिल्ले शिकारी प्राण्यांच्या तावडीत सापडतात.

खरी चिंता वाटते ती आफ्रिकी पाणचिऱ्याची. नदीचे पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यांवर तो अंडी घालतो. अवेळी चढलेले पाणी, किंवा वेगाने जाणाऱ्या मोटारबोटीच्या लाटाही, ती वाहून नेतात. या बोटींचा वेग तरी माणसाने आवरायलाच हवा.