होम असिस्टंटसाठी छोटे वेब सर्व्हर ॲड-ऑन

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणाऱ्या होम असिस्टंट या गृह-स्वयंचलन प्रणालीमध्ये घराच्या वायरिंगचे नकाशे आणि उपकरणांच्या माहितीपुस्तिका दाखवण्यासाठी मी स्वतःचे वेब सर्व्हर ॲड-ऑन (जोड-प्रोग्राम) तयार करीत आहे. थेट पोर्टवर पान व्यवस्थित उघडते, पण डावीकडच्या पट्टीतून इनग्रेसमार्फत (ॲड-ऑनचे पान होम असिस्टंटच्याच पत्त्यातून दाखवणाऱ्या सोयीने) उघडल्यास नुसता मजकूर दिसतो. रंग आणि चित्रे येत नाहीत. असे का होते? आणि एवढ्या कामासाठी एनजिनएक्स हा मोठा वेब सर्व्हर बसवणे योग्य ठरेल का?

उत्तर : दोष सर्व्हरमध्ये नसून पानातील पत्त्यांमध्ये असावा. स्टाइलशीटचा किंवा चित्राचा पत्ता तिरप्या रेघेने सुरू होत असेल, तर ब्राउझर ती फाइल मूळ पत्त्यावर, म्हणजे खुद्द होम असिस्टंटकडे मागतो आणि तिथे ती नसल्यामुळे ‘४०४’ (फाइल सापडली नाही) हे उत्तर येते. इनग्रेस तुमचे पान एका लांबलचक उपपत्त्याखाली दाखवत असल्याने सर्व पत्ते सापेक्ष, म्हणजे चालू पानापासून मोजले जाणारे, ठेवावेत. बहुतेक वेळा सुरुवातीची ती रेघ काढली की काम भागते.

केवळ स्थिर फाइली द्यायच्या असतील, तर एनजिनएक्सची गरज नाही. ॲड-ऑन म्हणजे सुपरवायझरच्या (ॲड-ऑन सांभाळणाऱ्या होम असिस्टंटच्या भागाच्या) देखरेखीखाली चालणारा डॉकर कंटेनर, म्हणजे प्रोग्रामची स्वतंत्र बंदिस्त पेटी. त्यातील अल्पाइन लिनक्स या आटोपशीर प्रणालीवर बिझीबॉक्स या छोट्या साधनसंचाचा एचटीटीपीडी वेब सर्व्हर पुरेसा आहे आणि तो ‘बिझीबॉक्स-एक्स्ट्राज’ या पॅकेजमधून मिळतो. मात्र हा सर्व्हर एरवी स्वतःहून पार्श्वभूमीत जातो, मुख्य प्रक्रिया संपली असे समजून कंटेनर बंद पडतो आणि लॉगमध्ये एकही चूक न दिसता ॲड-ऑन थांबलेले आढळते. त्यासाठी त्याला अग्रभागी ठेवणारा ‘एफ’ पर्याय सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये अवश्य द्यावा.

सुरक्षिततेकडे मी अधिक आग्रहाने लक्ष वेधू इच्छितो. इनग्रेस सुरू असताना लॉगिनची तपासणी होम असिस्टंट स्वतः करते; पण चाचणीसाठी उघडलेला पोर्ट तसाच राहिला, तर घरच्या नेटवर्कवरील कोणालाही लॉगिनशिवाय पाने दिसतील. म्हणून कॉन्फिग फाइलमधील पोर्टची नोंद काढून टाकावी, सर्व्हर इनग्रेसच्या ८०९९ या ठरीव पोर्टवर चालवावा आणि १७२.३०.३२.२ या सुपरवायझरच्या पत्त्याखेरीज इतर सर्वांना मनाई करावी. बिझीबॉक्सच्या मांडणी-फाइलमध्ये यासाठी दोनच ओळी लागतात. होम असिस्टंटच्या ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ फोल्डरमध्ये फाइली टाकण्याची सोपी वाट अनेक जण धरतात, पण तिथल्या फाइलींना लॉगिनचे संरक्षण नसते; वायरिंगचे नकाशे तरी तिथे ठेवू नयेत.

फाइलींचा फोल्डर ॲड-ऑनला जोडताना तो केवळ वाचनासाठी जोडावा. म्हणजे सर्व्हरमध्ये पुढे एखादी त्रुटी निघाली, तरी त्या वाटेने मूळ फाइली बदलता येणार नाहीत.