पेनसिल्वेनियात एक एकरावर हरणांसाठी काय पेरावं? मका-सोयाबीन चालेल का?

तुम्ही लिहिलंय की जंगलाला लागून एक एकर मोकळी जागा आहे, ट्रॅक्टर नाही, आणि हरणं वर्षभर येत राहावीत म्हणून मका नि सोयाबीन पेरायचा विचार आहे. एवढ्याशा तुकड्यात दोन्ही नकोत. सोयाबीन दोन-तीन पानांवर आलं की हरणं शेंडे खुडून नेतात आणि तसं रोप बहुधा पुन्हा उठत नाही. जंगलाकाठी हरणं बरीच असतील तर एक एकर सोयाबीन विजेच्या कुंपणाशिवाय टिकणं अवघड. ‘लॅबलॅब’ म्हणून इथे महाग पिशवीत विकतात तो आपला वालच, चवळीही मिळते. दोन्हींना उबदार माती लागते आणि दोन्हींची गत सोयाबीनसारखीच होते. मका तग धरतो, पण नत्र प्रचंड खातो आणि देतो मुख्यतः पिष्ट, प्रथिनं कमी.

मी असं सुचवेन: अर्ध्या एकरात म्हणजे 20 गुंठ्यांत पांढरा क्लोव्हर, उरलेल्या अर्ध्यात राय (rye, गव्हासारखं धान्य) आणि ओट. क्लोव्हर बरसीमच्याच कुळातला, पण बहुवर्षायू. नीट राखला तर तीन-चार वर्षं टिकतो आणि शिंगं वाढायच्या, पाडसं दूध पिण्याच्या दिवसांत हरणांना प्रथिनं देतो. ओट शरदात गोड लागतो आणि कडक थंडीत मरतो. राय मात्र बर्फाखालीही जिवंत राहते आणि मार्चमध्ये सगळ्यांआधी हिरवी होते.

बियाणं घेताना एक घोळ हमखास होतो. राय म्हणजे मोहरी नव्हे हे तुम्हाला ठाऊकच असेल, पण ‘रायग्रास’ म्हणजेही राय नव्हे. राय हे गव्हासारखं धान्य, रायग्रास हे गवत. ते एकदा शिरलं की क्लोव्हरमधून काढता काढता जीव जातो. पिशवीवर हरणाचा फोटो असलेल्या स्वस्त मिश्रणांत बऱ्याचदा हेच भरलेलं असतं. फोटो सोडा, मागची चिठ्ठी वाचा: जात, उगवण टक्केवारी, चाचणीची तारीख. क्लोव्हरचं बी लेप दिलेलं असेल तर पिशवीच्या वजनात एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त लेपच असू शकतो.

पण बियाण्याआधी माती. इथल्या जंगलकाठच्या जमिनी बहुधा आम्लधर्मी असतात. पेन स्टेट या राज्याच्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मातीचा नमुना पाठवा, चुना किती टाकायचा ते अहवालातच येतं. क्लोव्हरला सामू (pH) 6.5 च्या आसपास हवा, तो 5.5 एवढाच असताना खत घालणं म्हणजे पैसे मातीत. ट्रॅक्टर नसेल तर गोळीचा चुना हाताने ढकलायच्या यंत्राने पसरता येतो, फक्त एक टन म्हणजे 40 पौंडी 50 पोती, हे लक्षात घेऊन अंगमेहनतीचा अंदाज बांधा. चुन्याचा परिणाम दिसायला सहा महिने तरी लागतात, म्हणून तो वसंतातच पडायला हवा.

नांगरटीशिवाय पेरणी अशी करा. ऑगस्टअखेर पावसाचा अंदाज बघून उभ्या तणातच बी फोका. राय-ओटच्या तुकड्यात राय 50 पौंड आणि ओट 25 पौंड. क्लोव्हरच्या तुकड्यात फक्त राय, तीही 25 पौंडच, दाट झाली तर पुढे क्लोव्हरला ऊन मिळणार नाही. मग तण कापून बियांवरच आडवं पाडा; त्या आच्छादनाखाली ओल टिकते. बहुवर्षायू गवत माजलेलं असेल तर नुसत्या कापणीने भागत नाही, आधी ग्लायफोसेट हे तणनाशक मारावं लागतं. फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, रात्री जमीन गोठते आणि दिवसा सुटते त्या काळात, राय उभी असताना 4 पौंड क्लोव्हर वरून फोका. भेगांमध्ये बी आपोआप खाली जातं, झाकायची गरज नाही. क्लोव्हर पाव इंचापेक्षा खोल गेला की उगवतच नाही. बऱ्याच फसलेल्या पेरण्यांचं कारण हेच. बियाला रायझोबियम (हवेतला नत्र मिळवून देणारे जिवाणू) लावलेलं नसेल तर आधी लावून घ्या. मे महिन्यात राय ओंबीवर यायच्या आत कापा.

पुढे क्लोव्हरमध्ये तण फुलोऱ्यावर आलं की सहा-आठ इंचांवरून कापणी करायची, मात्र कोरड्या दिवसांत अजिबात नाही. गवत जास्तच झालं तर क्लेथोडिम हे फक्त गवत मारणारं तणनाशक वापरा, ते क्लोव्हरला धक्का लावत नाही.

दुसऱ्या वर्षी रायच्या तुकड्यात सलगम, मुळा, केल (कोबीच्या कुळातली पालेभाजी) घेता येईल. जुलैअखेर अर्ध्या एकराला अडीच पौंड बी आणि 65 पौंड युरिया. बी जास्त टाकलंत तर रोपं दाटीत खुरटतात. सलग दोन वर्षांपलीकडे ही पिकं त्याच जागी नकोत, रोग साठतात. हरणांना ओळख नसेल तर पहिल्या वर्षी ती बऱ्याचदा तोंडही लावत नाहीत.

पेरताना तीन फूट रुंद, चार फूट उंच तारेच्या जाळीचा एक पिंजरा जमिनीत ठोकून ठेवा. आत हिरवं आणि बाहेर उघडं दिसलं तर बी उगवलंय, हरणांनी खाल्लंय. ऑक्टोबरात ओकची फळं गळू लागली की हरणं तुमचं शेत सोडून तिकडे जातील, तेव्हा घाबरून नव्याने पेरू नका.

हिवाळ्यात कीव येऊन मक्याच्या दाण्यांचा ढीग मात्र टाकू नका. पानं-डहाळ्यांवर जगणाऱ्या पोटात अचानक पिष्ट गेलं की आम्ल वाढून हरीण मरू शकतं. शिवाय क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा मेंदूरोग 2012 पासून राज्यात आहे आणि एकाच ढिगावर तोंडं लागली की लाळेतून पसरतो. रोगनियंत्रण क्षेत्रात असं खाद्य टाकायला बंदीच आहे, तुमची जागा त्यात येते का ते राज्याच्या गेम कमिशनच्या (वन्यजीव खात्याच्या) नकाशावर बघा.