क्लासच्या फीसाठी उचल नको

पोरी,

मी सांगतेय आणि माझी नात लिहितेय, म्हणून अक्षर बरं दिसेल. बोलणं माझंच.

स्वारगेटला त्या पहाटे मी बाटल्या वेचत होते, तू स्पर्धा परीक्षेच्या पेपरला आलेली. तुझे आईबाप दर हंगामाला गाव सोडून ऊसतोडीला जाणारे. तू म्हणालीस, "अधिकारी झाले की आईबाप बारा महिने एकाच घरात राहतील." बंगला नाही, गाडी नाही, हे मागणं मला फार आवडलं. मी माझं सांगितलं: म्हातारपणाला पेन्शन, आणि नातीनं भंगाराचा धंदा केलाच तर मनानं करावा, नाइलाजानं नाही. तू हसलीस. हसू दे, तरी मला तेच हवंय.

पण जाता जाता बोललीस की, क्लासच्या फीसाठी बाप यंदा ऊसतोडीच्या मुकादमाकडून जास्त उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेणार. ते काही डोक्यातून जात नाही.

ही उचल टनामागच्या मजुरीतून फिटायची. आई आजारी पडली, नवरा-बायकोच्या जोडीतला एक कोयता बसला, की बाकी पुढच्या हंगामावर. मग तुझ्या धाकट्याची शाळा सुटणार, नाहीतर तुझंच लग्न लावून नवी जोडी उभी करणार. तुमच्याकडं हे कसं होतं ते मी तुला काय सांगू! जागा मूठभर, बसणारी पोरं लाखांनी. अशा परीक्षेवर आईबापाचे दोन-तीन हंगाम लावू नकोस. अभ्यास कर, जरूर कर, पण अर्धा दिवस काम धरून. चार मुली मिळून खोली घ्या, जुनी पुस्तकं वापरा. रद्दीत काय काय पुस्तकं येतात ते मला विचार.

आणि "अधिकारी झाल्यावर बघू" हे मला पटत नाही. १९७२च्या दुष्काळात मी आईच्या कडेवर पुण्यात आले. पुढं कचरा वेचताना कुणीही चोर म्हणायचं, पोतं उलटं करायला लावायचं. १९९३ला बाबा आढावांच्या साथीनं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आम्हा कचरा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, पुढं महापालिकेच्या शिक्क्याचं ओळखपत्र आलं. ते कार्ड दाखवलं की पोतं उलटं करायचं थांबलं. २००८ला आमच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला, दारोदार कचरा गोळा करायचं काम हक्काचं झालं. पगार नाही हं, घरटी पैसे आणि भंगार यावरच चालतं, आणि भांडण अजून संपलेलं नाही. पण आमच्यात अधिकारी कोण होतं? निम्म्या जणींना सही येत नव्हती.

तुला तर वाचता येतं. ऊसतोड कामगारांची नोंद करून ग्रामसेवकानं ओळखपत्र द्यायचं, असा सरकारचा निर्णय आहे. आईबापाचं निघालंय का? आईचं वेगळं काढ, नाहीतर दोघांचं काम बापाच्याच नावावर जातं. धाकट्यासाठी संत भगवानबाबांच्या नावाच्या सरकारी वसतिगृहाची चौकशी कर. तांड्यावरच्या बाकीच्या घरांचे अर्जही तूच भर. हे सगळं टोळ्या कारखान्यावर जायच्या आधी उरकायला हवं, म्हणजे दसऱ्याच्या आत. एकदा ट्रक भरले की गावात सही करायला माणूस सापडत नाही.

ग्रामसेवक उद्या या म्हणाला तर एकटी परत जाऊ नकोस. दहा बायका घेऊन जा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नका.

तुझी स्वारगेटची मावशी