सायकलची बीबी (बॉटम ब्रॅकेट: पायडलचे दोन्ही दांडे, म्हणजे क्रँक, ज्यावर फिरतात तो एक्सल आणि त्याचे बेअरिंग) गेलीय, नवी कोणत्या मापाची घ्यायची आणि ती घरी बसवता येते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाईला राहता, पाच वर्षं वापरलेली गियरची एमटीबी (माउंटन बाइक) आहे, पुढे तीन चेनव्हील, म्हणजे दातांच्या चकत्या. मुकुंदराजाच्या रस्त्याला चढावर उभं राहून जोर दिला की खालून कटकट येते आणि क्रँक हलल्यासारखी वाटते. एक मिस्त्री म्हणतो पूर्ण क्रँकसेट (दोन्ही क्रँक आणि चेनव्हील) बदला, दुसरा म्हणतो काळ्या सायकलचे कप आणि छर्रे टाकून देतो. ऑनलाइन बघितलं तर ६८, ७३, ११३, १२२.५ असे आकडेच आकडे. त्यातली कोणती घ्यायची, आणि घरी जमेल का?

घरी जमेल. पण मागवण्याआधी क्रँक उतरवून मोजा. आपल्याकडे चुकीचं माप आलं की परत पाठवा, पुन्हा वाट बघा, यात दोन आठवडे सहज जातात आणि तोवर सायकल भिंतीला टेकून उभी. परभणीत ओळखीच्यांच्या सायकली मी बऱ्याच वर्षांपासून उघडतोय. बीबी बसवताना कोणी फारसं अडत नाही. बहुतेक जण अडतात ते न मोजता मागवल्यामुळे.

त्याच्याही आधी खात्री करा की बीबीच गेलीय. चेन पुढच्या चेनव्हीलवरून उतरवून फ्रेमवर टेकू द्या. मग क्रँकचं टोक हातात धरून (पायडल नाही, क्रँकच) फ्रेमकडे ढकला आणि बाहेर ओढा. एकच क्रँक हलत असेल तर ती एक्सलवर सैल झालीय, बीबी ठीक असू शकते. दोन्ही क्रँक एकदम हलत असतील तर आतले बेअरिंग झिजलेत. नंतर क्रँक हळूहळू फिरवा आणि दुसरा हात सीटच्या नळीवर ठेवा. आत वाळू असल्यासारखी खरखर हाताला जाणवली तर शंका उरत नाही. दोन्हीतलं काही नसेल तर पायडलचे आटे, चेनव्हीलचे छोटे बोल्ट आणि सीटपोस्ट साफ करून, ग्रीस लावून पुन्हा आवळा. नव्या बीबीनंतरही कायम राहिलेली कटकट मी सीटपोस्टमधून येताना पाहिलीय.

आता माप. तुम्ही पाठवलेल्या फोटोत क्रँकच्या मध्यभागी एक बोल्ट आणि त्याच्यामागे चौकोनी टोक दिसतं, म्हणजे एक्सल स्क्वेअर टेपर (टोकाकडे निमुळता होणारा चौकोन) आहे. या प्रकाराला तीन गोष्टी लागतात.

पहिली, शेलची रुंदी. फ्रेमच्या तळाशी जी आडवी नळी असते, जिच्यात बीबी बसते, ते शेल. तिची रुंदी डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत मोजायची, कपाची (शेलमध्ये आट्यांनी बसणाऱ्या वाटीची) बाहेर आलेली कड धरायची नाही. ती ६८ मिमी किंवा ७३ मिमी येईल. भारतात विकल्या जाणाऱ्या आटेवाल्या बहुतेक सायकलींना इंग्लिश आटे असतात, म्हणजे व्यास १.३७ इंच आणि एका इंचात २४ आटे. ७० मिमी आलं तर थांबा, ते इटालियन शेल असू शकतं, त्याचा व्यास ३६ मिमी असतो आणि त्यात आपली बीबी बसणार नाही. एमटीबीत असं निघणं अवघड आहे, पण मोजायला काय जातं.

दुसरी, एक्सलची लांबी, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. यासाठी फक्त क्रँक काढाव्या लागतात, बीबी आतच राहू द्या. ११०, ११३, ११८, १२२.५, १२७.५ अशी मापं मिळतात. व्हर्निअर असेल तर उत्तम, नसेल तर गावातल्या कुठल्याही लेथवाल्याकडे पाच मिनिटांसाठी मिळतो. स्टीलच्या पट्टीनेही भागतं, कारण मापांमधला फरक तीन ते पाच मिमीचा आहे. कपड्याच्या टेपने मोजू नका.

तिसरी, टोकाचा चौकोन. त्यात जेआयएस (जपानी मानक) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक) असे दोन प्रकार आहेत. शिमानो आणि तैवान-चीनकडून येणाऱ्या बहुतेक क्रँक जेआयएसच्या, कँपाग्नोलोच्या आयएसओच्या. तुमच्या सायकलला जेआयएसच घ्या. दोघांचा उतार सारखाच असतो, पण आयएसओचं टोक जरा बारीक, त्यामुळे जेआयएस क्रँक त्यावर जास्त आत सरकते आणि चेनलाइन (पुढून मागे चेन जाते ती रेषा) बिघडते.

लांबीला इतकं महत्त्व का, तर चेनव्हील फ्रेमपासून किती अंतरावर राहणार हे तीच ठरवते. एक्सल दोन्हीकडे सारखा असेल आणि तुम्ही ५ मिमी लांब घेतला, तर चेनव्हील अडीच मिमी बाहेर जातं. मग पुढचा डिरेलर (चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर सरकवणारा) मोठ्या चेनव्हीलवर चेन चढवायला कुरकुरतो. आखूड घेतला तर छोटं चेनव्हील किंवा क्रँक चेनस्टेला (शेलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला) घासते आणि ॲल्युमिनियमची फ्रेम कापत जाते. म्हणून क्रँक काढण्याआधी छोट्या चेनव्हीलचे दात आणि चेनस्टे यांच्यातलं अंतरही मोजून वहीत लिहून ठेवा. तुमच्या सायकलमध्ये आत्ता सुट्या छर्‍यांची बीबी निघाली तर या आकड्याचा फार उपयोग होतो. जुन्या सुट्या एक्सलची उजवी बाजू कधी कधी डावीपेक्षा लांब असते, आणि नुसती एकूण लांबी जुळवून सीलबंद बीबी (कार्ट्रिज, म्हणजे एक्सल आणि बेअरिंग एकाच बंद नळीत) घेतली की चेनव्हील जागेवर येत नाही.

पहिल्या मिस्त्रीचं म्हणणं मला पटत नाही. चेनव्हीलचे दात शार्क माशाच्या पाठीवरच्या परासारखे वाकले नसतील आणि क्रँकचं चौकोनी भोक शाबूत असेल, तर क्रँकसेट बदलायचं कारण नाही. ते भोक मात्र नीट बघा. सैल क्रँकवर बरेच दिवस चालवली असेल तर ॲल्युमिनियमचा चौकोन आतून गोलसर होतो, आणि तशी क्रँक नव्या बीबीवरही सैलच होणार. तेवढीच क्रँक बदलावी लागेल.

दुसऱ्या मिस्त्रीची गोष्ट वेगळी. काळ्या सायकलचा कॉटर पिनवाला एक्सल तुमच्या क्रँकला बसणारच नाही. चौकोनी टोकाचा सुटा एक्सल, कप आणि छर्रे मिळतात, ते बसेल. कप-छर्‍यांना मी नावं ठेवत नाही. प्रत्येक बाजूला पाव इंचाचे अकरा छर्रे, ग्रीस, आणि कप किती आवळायचा ते कळणारा हात. एवढ्यावर मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत दूध, चारा, शाळेची पोरं सगळं पिढ्यान्‌पिढ्या वाहिलं गेलं, आणि सामान कुठल्याही तालुक्याला मिळतं. दर पावसाळ्यानंतर उघडून, धुऊन, नवं ग्रीस भरणार असाल तर खुशाल तेच टाका. नसाल, तर सीलबंद कार्ट्रिज घ्या. आपली काळी माती भिजली की इतकी बारीक होते की सील नसलेल्या कपात ती ग्रीससोबत कालवली जाते, आणि एका खरिपात छर्‍यांच्या वाटेवर खड्डे पडतात. शिमानोची यूएन३०० साधी, टिकाऊ आणि पुरेशी आहे. खोक्यावर शेल आणि एक्सल दोन्ही मापं असतात, उदाहरणार्थ ६८ × १२२.५. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत.

अवजारं दोनच खास लागतात: क्रँक पुलर (क्रँक एक्सलवरून ओढून काढणारा) आणि वीस दात्यांचा बीबी टूल. बाकी गोटी पाना किंवा ८ मिमीची ॲलन की, मोठा ॲडजस्टेबल पाना, ग्रीस, वायर ब्रश, थोडं डिझेल आणि चिंध्या. ही दोन अवजारं चार मित्रांत मिळून घ्या, आयुष्यभर पुरतात.

क्रँक काढताना बोल्ट दोन्हीकडे नेहमीसारखेच, डावीकडे फिरवून सुटतात. बोल्टाखालची वॉशर आत राहिली नाही ना, हे बॅटरी लावून बघा. ती आत असताना पुलर लावला तर तो एक्सलऐवजी वॉशरवर दाब देतो आणि क्रँकचे आटे घेऊन बाहेर येतो. पुलर आधी हाताने, सरळ, पूर्ण आत जाईपर्यंत बसवा. दोन-तीन आट्यांवर धरलेला पुलर फिरवणं म्हणजे क्रँक फेकून देण्याची तयारी. पूर्ण बसला की मधला दांडा आवळत जा, क्रँक सुटून हातात येते. आता लांबी मोजा, क्रँक परत चढवा, माल येईपर्यंत सायकल सपाटीवर जपून चालवा.

नवी आली की खरं काम, आणि त्यातला अवघड भाग म्हणजे जुनी काढणं. डावा कप नेहमीच्या आट्यांचा, तो डावीकडे फिरवून सुटतो. उजव्या बाजूचे, चेनव्हीलकडचे आटे उलटे असतात. उजव्या बाजूला तोंड करून उभे राहिलात तर तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुटतो आणि विरुद्ध दिशेने आवळतो. याला कारण आहे. पायडल मारताना उजवीकडून बघितलं तर एक्सल काट्याच्या दिशेने फिरतो, आणि बेअरिंगवर फिरत राहणारा भार कपाला थोडं थोडं उलट्या दिशेने सरकवतो. साधे आटे असते तर कप हळूहळू सुटला असता. उलट्या आट्यांमुळे तो आवळत जातो. इटालियन शेलला दोन्हीकडे साधे आटे असतात, आणि त्यांचा उजवा कप सैल होतो ही जुनी तक्रार आहे.

पाच पावसाळे खाल्लेला कप सहज सुटणार नाही. सीटपोस्ट काढा, सीटच्या नळीतून गंज सोडवणारं तेल सोडा, दोन्ही कपांच्या कडेलाही लावा आणि रात्रभर राहू द्या. टूल निसटून दाते खराब होऊ नयेत म्हणून मधून आरपार भोक असलेला टूल घ्या, आणि तो क्रँकच्याच बोल्टाने, मोठी वॉशर घालून, एक्सलवर हलका आवळून धरा. मग पान्याला लांब पाइप लावून एकसारखा जोर द्या, झटके देऊ नका. तरी हलला नाही तर चाकं काढा, टूल वेल्डिंगच्या दुकानातल्या व्हाइसमध्ये उभा पकडा, त्यावर फ्रेम आडवी बसवा आणि फ्रेमच फिरवा. फ्रेमची लांबी हाच तुमचा पाना होतो, आणि पाइप लावूनही न हललेले कप याने सुटतात. दिशा तेवढी दोनदा तपासा, कारण एवढ्या जोराने चुकीकडे फिरवलं तर आटेच जातील. गॅसने तापवू नका, रंग जळतो.

शेल आतून डिझेलने धुवा, आट्यांवर वायर ब्रश मारा, पुसून कोरडं करा. तळाला छोटं भोक असेल तर तारेने मोकळं करा, आलेलं पाणी तिथूनच बाहेर जातं. आट्यांना भरपूर ग्रीस लावा, इथे हात आखडू नका, पुढच्या वेळी काढणाऱ्याचे कष्ट यानेच वाचतात.

यूएन३००ची मुख्य बॉडी उजवीकडून जाते, उलट्या आट्यांवर, म्हणजे काट्याच्या विरुद्ध. कड शेलला टेकेपर्यंत फिरवा, मग डावा कप. सुरुवातीचे चार-पाच फेरे दोन्हीकडे नुसत्या बोटांनी झाले पाहिजेत. बोटांनी फिरत नसेल तर तिरकं लागलंय, काढून पुन्हा लावा, पाना घेऊ नका. शेवटी ५० ते ७० न्यूटन-मीटर आवळायचं. टॉर्क पाना नसेल तर एक फूट लांब पान्याच्या टोकाला १८ ते २० किलोचा जोर दिला की जवळपास तेवढं होतं. डावा कप प्लॅस्टिकचा असेल तर हात जरा हलका ठेवा.

एक्सलच्या टोकांना ग्रीस लावायचं की नाही यावर मेकॅनिकांत दोन पक्ष आहेत. मी टोकं कोरडी पुसतो आणि फक्त बोल्टाच्या आट्यांना ग्रीस लावतो. क्रँकचे बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटर, म्हणजे त्याच एक फुटी पान्यावर साधारण १३-१४ किलो. दोन्ही क्रँक एकमेकींच्या बरोबर समोरासमोर येतायत ना बघा, आणि लिहून ठेवलेलं चेनव्हीलचं अंतर पुन्हा मोजा. एक-दोन मिमीचा फरक डिरेलरच्या स्क्रूने जुळतो. पहिल्या मोठ्या फेरीनंतर बोल्ट एकदा तपासा, त्यानंतर दर आठवड्याला आवळत बसू नका, क्रँक टेपरवर उगाच पुढे सरकत राहते.

एक्सल पोकळ, जाड, २४ मिमीचा आणि कप शेलच्या बाहेर, अशी रचना कोणाकडे असेल तर वरची एक्सलची मापं लागू नाहीत, टूलही वेगळा. शेलला आटेच नसतील, म्हणजे प्रेसफिट (दाबून बसवलेली बीबी), तर हातोडीने न ठोकता छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात प्रेस असलेल्या दुकानात न्या.

नवी टिकवायची असेल तर गाड्यांच्या वॉशिंग सेंटरवर सायकल नेऊ नका, निदान तो फवारा क्रँकच्या मध्यावर धरू देऊ नका. मोठ्या पावसात भिजली तर सीटपोस्ट काढून सायकल थोडा वेळ उलटी ठेवा. पाणी सीटच्या नळीतून उतरतं आणि फ्रेमचा सगळ्यात खालचा भाग शेलच असतो, तिथे साचून ते बीबीला गंजवतं.

क्रँक उतरवल्या की शेलची रुंदी, एक्सलची लांबी आणि चेनव्हील-चेनस्टेमधलं अंतर, हे तीन आकडे इथेच खाली लिहा. पैसे भरण्याआधी मी बघून सांगतो.